सातवी ओळ

समुद्रतळाशी बुडालेले जुने अवशेष शोधताना होडी सरळ रेषेत चालवावी लागते. मागे दोरीला बांधलेलं यंत्र आवाज सोडतं आणि परतणाऱ्या आवाजातून तळाचं चित्र उमटतं. अशा बारा ओळी माझ्या यादीत होत्या. सहा सुरळीत झाल्या. सातवीवर होडी दुसऱ्यांदा वाकडी गेली.

"बाबलकाका, वारा तर नाहीये," मी सुकाणू धरलेल्या बाबलकाकांना म्हणाले.

"थंय खडप आसा, बाय. तुमचो मासो अडकतलो." यंत्राला ते मासोच म्हणत.

मला पटेना. वळण्याआधी दोन्ही वेळा त्यांनी किनाऱ्याकडे पाहिलं होतं, आधी देवळाचा कळस, मग टेकडीवरचा एकटा माड. ही दोन एका रेषेत आली की मच्छीमार आपली जागा ओळखतात. खडक टाळताना कोणी इतक्या मायेने बघत नाही.

"तिथे जाळं टाकता ना?"

"जुना कायतरी गावला, की थंय मासेमारी बंद. मगे आमी खंय जावचा?"

या ओळींवरूनच तळाचा नकाशा होणार होता. नकाशा एकदा हातातून गेला की तो कोण कशाला वापरेल, याची खात्री मी तरी कुठे देणार होते? इतका वेळ त्यांच्या नजरेवर असलेला माझा संशय आता माझ्याच पेन्सिलीवर आला.

मी लिहिलं, "सातवी ओळ राहिली. या भागात बाबल यांची जाळी असतात." त्यांना वाचून दाखवलं.

"कळस नि माड लिवलंस?"

"नाही. ती खूण तुमची."

आठव्या ओळीवर त्यांनी होडी अगदी सरळ धरली.