झेंड्याच्या खांबाला मिठी

दुबई दिसली आणि मला हसूच फुटलं. एवढ्याशा गावासाठी मी मुंबईपासून ओकत आलो होतो! साठच्या दशकाची नुकती सुरुवात. बोट धक्क्याला लागतच नसे. भर समुद्रात आम्हाला पडावात (माल वाहणाऱ्या होडीत) उतरवलं. किनाऱ्यावर खाला (मावशी) उभी होती. आमच्या रत्नागिरीहून ती लग्न करून इथे आली, ती इथलीच झाली.

दुपारी बांगड्याचं सार आणि सांदणं चापताना मी वकिली पाजळली. युरोपातल्या देशांनी करार केलाय, सरकारनं छळलं तर साधा माणूसही दाद मागू शकतो, त्यांच्या ताब्यातल्या दूरच्या मुलखांनाही तो लावता येतो, वगैरे.

खालाकडे कामाला असलेली मरियम दारात ऐकत होती. तिनं हिंदीत विचारलं, तो करार बिलालला लागतो का? बिलाल तिचा नवरा, एका व्यापाऱ्याच्या घरचा जन्माचा गुलाम. उद्या मालक त्याला वाळवंटात भावाकडे धाडणार होता, कायमचा. या किनाऱ्याला करार लागू नाही, हे सांगताना माझी मान खाली गेली.

"मग झेंडा आहे ना!" खाला उठलीच. खाडीपलीकडे इंग्रजांची कचेरी होती. तिथल्या झेंड्याच्या खांबाला गुलामानं मिठी मारली की इंग्रज त्याला मोकळं करत, अशी इथली रीत.

खालानं बिलालला गुपचूप बोलावून त्याच्या अंगावर आपला बुरखा चढवला. गडी ताडमाड, बुरखा गुडघ्यापर्यंत! अब्र्यात (खाडी ओलांडायच्या होडीत) मालकाचा मुनीम अगदी समोर बसलेला. मी भीतीनं होडीची कड घट्ट धरली होती आणि हसूही आवरत नव्हतं. खालानं मात्र "माझी नणंद, आजारी आहे" असं सांगून टाकलं. मुनीमानं अदबीनं तोंड फिरवलं.

कचेरीत पोचलो आणि खालानं घोटाळा केला. झेंडा म्हणजे तिला आमच्या दर्ग्याचं निशाण! तिनं बिलालचा बुरखा उतरवला, त्याला चपला काढायला लावल्या, डोक्यावर रुमाल बांधला, खांबाला दोरा गुंडाळायला घेतला. भर दुपारी तापलेला चौथरा, अनवाणी बिलाल खांब धरून थयथय नाचतोय, आणि पहारेकरी ओरडतोय की खांब सोडलास तर मिठी धरली जाणार नाही. अरे देवा! मी माझा वकिलीचा काळा कोट काढला आणि त्याच्या पायाखाली घातला. त्या कोटाचा इतका चांगला उपयोग पुढे कधी झाला नाही.

साहेब बाहेर आला. आधी खालाच्या दोऱ्याकडे बघत राहिला, मग बिलालला आत नेलं. संध्याकाळी बिलाल मोकळा होता. मरियम रडत होती, खाला सगळ्यांना दटावत होती, आणि मी उगाचच टाळ्या वाजवत होतो.

मी गावी परतताना बिलाल आणि मरियम मला किनाऱ्यावर पोचवायला आले. बिलाल माझ्या पडावात चढला, उतरला, पुन्हा चढला. काही राहिलं का, मी विचारलं.

"नाही," तो हसला. "कुणाला विचारावं लागतं का, ते बघतोय."

रत्नागिरीपर्यंत माझ्याशी कुणी कायद्याचं बोललं, की मला तो चढताना-उतरतानाच दिसे. युरोपचा तो करार त्या किनाऱ्यावर पोचेल तेव्हा पोचो. बिलाल मात्र तिसऱ्यांदा चढला होता, आणि मरियमनं त्याला हाताला धरून खाली ओढलं होतं.