चेक चौघांचे चार अंक

प्रागच्या चार वादकांना आमच्या मराठी मंडळात बोलवावं म्हणून मी तीन महिने भांडलो. "काका, तबला नाही, गाणं नाही, लोक झोपतील," अध्यक्ष म्हणायचे. अध्यक्ष नागपूरचे, वयाने माझ्या मुलाएवढे, आणि सभेत स्वतःला 'आम्ही' म्हणणारे. ते चौघे कोलंबस शहरात येणारच आहेत, आमचं डब्लिन हे उपनगर वाटेतच आहे, हे कळल्यावर 'आम्हां'ला पटलं.

माझा स्वार्थ उघड होता. त्यांच्या कार्यक्रमात आधी तीनशे वर्षांपूर्वीचे नाच होते आणि मग एक आपल्या काळातली, चार भागांची रचना. तिचा दुसरा, संथ भाग मी ऑफिसला जाता-येता इतकी वर्षं ऐकला होता, की तो एकदा समोर बसून ऐकायचा होता. बाकी कशाशी मला कर्तव्य नव्हतं.

पत्रक मराठीतच हवं असा ठराव झाला आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. रचनेच्या अशा एकेका भागाला इंग्रजीत 'मूव्हमेंट' म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं? 'चाल' म्हणजे भलतंच, 'हालचाल' त्याहून भलतंच. 'भाग' म्हटलं तर टीव्हीवरची मालिका वाटते. मी ऐटीत लिहिलं: अंक पहिला, अंक दुसरा.

रविवारी दुपारी शाळेचं सभागृह भरलं. दीपप्रज्वलन, स्वागत, अध्यक्षांचं मनोगत, प्रायोजकांचं मनोगत. चौघे वाद्यं धरून पाऊण तास उभे. मग जुने नाच झाले, टाळ्या पडल्या. नव्या रचनेचा पहिला भाग संपला, चौघांनी गज उचलून श्वास घेतला आणि सभागृहातले दिवे लागले. खुर्च्या वाजल्या. "चला चला, वडे गरम आहेत तोवर!"

मी अध्यक्षांना गाठलं. "अहो, मध्यंतर कुठून काढलंत?"

"काका, पहिला अंक संपला ना? तुम्हीच छापलंय."

"हे नाटक नाही हो!"

"मग अंक कशाला लिहिलं यार?"

 चौघांतला चेलोवाला खाली आला आणि त्याने हळूच विचारलं, "इतकं वाईट वाजलं का?" मी म्हटलं, छे, लोकांना भूक लागली आहे. त्याचा विश्वास बसला नाही.

लोक परत येईपर्यंत शाळेचा कर्मचारी घड्याळावर बोट ठेवून दारात उभा राहिला होता. पाचला हॉल बंद, म्हणजे पंधराच मिनिटं. व्हायोलिनवाल्या बाईंनी मला विचारलं, काय गाळू? तिसरा भाग लांबलचक, तो गेलाच; संथ भाग नऊ मिनिटांचा, शेवटचा सहा.

"दोन्ही बसतात की," मी म्हणालो.

"आणि आभारप्रदर्शन?" अध्यक्ष म्हणाले. "दोन मिनिटांचं आहे, काका. फास्टवाला घ्या ना, लोक खूश होतील."

घोळ माझ्या शब्दाने झाला होता, त्यामुळे आवाज चढवायला तोंड नव्हतं. मी बाईंना म्हटलं, शेवटचाच वाजवा.

तो सहा मिनिटांत संपला. आभारप्रदर्शन पूर्ण नऊ मिनिटं चाललं. मी मोजली.