कव्हर नको म्हणालो तो मीच

तंबूचं कव्हर गोविंदराव रेल्वेत विसरले नव्हते. ते मी दुकानातच ठेवून आलो होतो, आणि तेही दुकानदाराशी वाद घालून.

एवढी दोन वाक्यं बोलायला मला सहा वर्षं लागली. आता बोललोच आहे, तर सगळं सांगून टाकतो.

गोविंदराव म्हणजे माझे व्याही, सून कावेरी हिचे वडील. मूळचे तंजावरचे. त्यांच्या पूर्वजांनी तिकडे जाताना जे मराठी बरोबर नेलं, ते या घराण्यानं अजून फारसं वापरून झिजवलेलं नाही. शब्द जुन्या कागदपत्रांतले, सूर तमिळ. "भोजन जाहलें आ, व्याहीबुवा?" असं ते विचारतात, तेव्हा मला उगाचच पागोटं घालून बसल्यासारखं वाटतं. निवृत्त गणिताचे मास्तर. तिसापर्यंतचे पाढे तोंडपाठ, शिवाय उलटेसुद्धा! अशा माणसाला मी सबंध घरात विसराळू ठरवलं.

झालं असं, की माझा मुलगा मकरंद याला डोंगरावर जाऊन तंबूत राहण्याची हुक्की आली. तो चेन्नईजवळ सिरुसेरीला सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आठवडाभर काचेच्या इमारतीत बसल्यावर माणसाला असं काहीतरी होतं. बेत येलगिरीचा ठरला. मकरंद, कावेरी आणि माझी नात इरा मोटारीतून सामानासह जाणार, आणि मोटारीत न मावलेल्या वस्तू रेल्वेनं जाणार. न मावलेल्या वस्तू तीन होत्या. मी, गोविंदराव आणि तंबू.

"म्हणून तंबू हलका पाहिजे, बाबा," मकरंद म्हणाला. "दोन किलोच्या आत. उचलणार तुम्हीच दोघं."

त्यानं मोबाइलवर मला तंबू दाखवले. जड तंबू स्वस्त होते आणि हलके महाग. जितकं कमी देणार तितके पैसे जास्त! (उपवासाच्या थाळीचं असतं तसंच.) त्याला आवडलेला तंबू इतका हलका होता, की त्या किमतीत आमच्या हॉलचे पडदे आणि वर एक सायकल आली असती.

"ठेव तो मोबाइल," मी म्हणालो. "चाळीस वर्षं या शहरात राहतोय. पॅरीस कॉर्नरला ताडपत्र्यांची दुकानं आहेत, तिथून निम्म्या किमतीत आणतो."

चाळीस वर्षं! त्या चाळीस वर्षांनीच घात केला. कालपरवा पुण्याहून आलेला एखादा पोरगा गेला असता, तर ही चूक झालीच नसती.

कारण आमच्या चेन्नईत 'कव्हर' म्हणजे पिशवी. प्लॅस्टिकची कॅरीबॅग. भाजीवाली विचारते, "कव्हर वेणुमा?" पिशवी हवी का? तुम्ही म्हणायचं "वेंडाम", म्हणजे नको. आणि मी तर नेहमीच 'वेंडाम'वाला! प्लॅस्टिकवर बंदी यायच्या आधीपासून पिवळी कापडी पिशवी घेऊन हिंडणारा. वेस्ट मांबलममधले किराणावाले मला पाहून कव्हर हा शब्दच काढत नाहीत. त्या पिशवीचा मला जरा जास्तच अभिमान होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पॅरीस कॉर्नरच्या दुकानदारानं एक सुबक तंबू काढला. मी वांगी घ्यायला गेल्यासारखा म्हणालो, "वजन करा."

त्यानं काट्याला अडकवला. "कव्हरसकट दोन किलो आठशे."

"पिशवीचं वजन कशाला धरता? कव्हर काढा."

त्यानं एक घडी बाजूला काढली. "एक किलो नऊशे. पण सार, कव्हर वेंडामा?"

"वेंडाम!" मी पिवळी पिशवी झेंड्यासारखी फडकावली.

(नऊशे ग्रॅमची पिशवी असते का, हा प्रश्न मला त्या वेळी पडला नाही. नंतर मात्र रोज पडला.)

दुकानदार काळजीत पडला. "सार, मळै वंदा?" पाऊस आला तर?

"तर पिशवी भिजेल. आणि वाळेल!"

त्यानं आधी पिशवीकडे पाहिलं, मग तंबूकडे, मग बराच वेळ माझ्याकडे. "सार, इतकी वर्षं दुकान चालवतोय. कव्हर नको म्हणणारे तुम्ही पहिलेच."

"तुमच्याकडे जागरूक गिऱ्हाईक कमी येत असेल," मी म्हणालो. त्यावर त्यानं किंमत कमी केली! तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. चेन्नईतला दुकानदार न मागता किंमत कमी करतो, तेव्हा तुम्ही काहीतरी भयंकर केलेलं असतं.

घरी मकरंदनं सामान तोलायच्या काट्यावर तंबू टांगला आणि ओरडलाच. "एक किलो नऊशे! या किमतीत? बाबा, तुम्ही ग्रेट आहात!" उघडून पाहिला नाही, कारण आमच्या हॉलमध्ये तो उघडला असता तर टीव्ही आत गेला असता.

गोविंदरावांनी रेल्वेत तो तंबू सबंध वेळ नातवासारखा मांडीवर धरला होता. फक्त काटपाडीला चिंचभाताचा डबा काढण्यापुरता खाली ठेवला. बस्स, तेवढंच पुढं त्यांच्या अंगाशी आलं.

येलगिरीला पोचून मकरंदनं तंबू उभारला. आकाश निरभ्र, हवा गार. तंबूचं छत मच्छरदाणीसारखं, आरपार जाळीचं. "आजोबा, आतून आकाश दिसतं!" इरा खूश झाली.

मकरंद मात्र पिशवी उलटीपालटी करत होता. "बाबा, याचं रेनकव्हर कुठंय?"

"याचं काय?"

"कव्हर, कव्हर! जाळीवर घालायचं. पाऊस आला तर?"

माझ्या कानात तीन शब्द वाजले. सार, मळै वंदा?

मी तोंड उघडलं, सांगणारच होतो. तेवढ्यात कावेरी तिच्या वडिलांकडे वळली. "अप्पा, गाडीत तंबू तुमच्याजवळ होता ना?"

गोविंदराव प्रामाणिक माणूस. प्रामाणिक माणसाची पंचाईत अशी, की तो आधी स्वतःवर संशय घेतो. "होय बाळ," ते कपाळ चोळत म्हणाले. "काटपाडीस डबा काढिला, तेव्हां खालीं ठेविला होता. तेथेंच कांहीं राहिलें असेल."

"अप्पा! काय हे!"

"जाऊ दे गं," मकरंद म्हणाला. "बाबांनी वजन करून आणला होता. बाबा काही विसरत नाहीत."

उघडलेलं तोंड मी मिटलं. तेही रिकामं कशाला मिटायचं म्हणून समोरचा मेदूवडा त्यात घातला. सहा वर्षांच्या पापाची सुरुवात अशी एका मेदूवड्यानं झाली.

दुपारी जेवणं झाल्यावर आम्हां दोघां म्हाताऱ्यांना तंबूत वामकुक्षीला धाडण्यात आलं. दोन माणसांचा तंबू म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. दोन माणसं, पण त्यांनी आळीपाळीनं श्वास घ्यायचा. चारच्या सुमाराला निरभ्र आकाशातून, कसलीही पूर्वसूचना न देता, पाऊस कोसळला.

आता त्या तंबूची खासियत सांगतो. छत जाळीचं, पण जमीन पूर्ण वॉटरप्रूफ, कडेनं वीतभर वर आलेली. म्हणजे वरून सगळं आत, खालून काहीच बाहेर नाही! दोन मिनिटांत आमची कढई झाली.

"व्याहीबुवा, मळै!" गोविंदराव ओरडले.

"दिसतोय!"

"चेन कोठें आहे?"

"तुमच्या पायाशी! ओढा!"

"ओढितों! येत नाहीं!"

"अहो ती माझी पायजम्याची नाडी आहे!"

बाहेर इरा छत्रीखाली नाचत होती. "अम्मा, ये ना! ताता आणि आजोबा टबमध्ये!" (आईचे वडील ताता, बापाचे वडील आजोबा. आमच्या घरात दोन भाषा अशा वाटून घेतलेल्या आहेत.) शेवटी मकरंदनं बाहेरून चेन उघडली आणि आम्ही पाण्याबरोबर वाहत बाहेर आलो. गोविंदराव आधी, त्यांच्यामागून मी, माझ्यामागून माझा चष्मा.

पाऊस अर्ध्या तासात थांबला. जे थांबलं नाही ते गोविंदरावांमागचं शुक्लकाष्ठ.

"अप्पांना हल्ली काही लक्षात राहत नाही," असं कावेरीनं घरी आल्यावर जाहीर केलं. ते दोन गल्ल्या सोडून एकटे राहतात, म्हणून त्यांच्या घराची दुसरी किल्ली तिनं स्वतःकडे घेतली. शर्टाच्या खिशात नाव, पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी आली. रोज सकाळी पाच भिजवलेले बदाम सुरू झाले. पुढं सात. पाढे उलटे म्हणणारा माणूस, आणि खिशातून चिठ्ठी डोकावतेय! ती दिसली की मला घास उतरत नसे. प्रायश्चित्त म्हणून बदाम मी माझ्या पेन्शनमधून आणायला लागलो. (सगळे म्हणायचे, बघा, व्याह्यांवर किती जीव!)

शंभरदा ठरवलं की सांगायचं. पण दरवेळी कोणीतरी म्हणायचं, "बाबा काही विसरत नाहीत," आणि दरवेळी जवळपास काहीतरी खायला असायचं.

या उन्हाळ्यात दोन गोष्टी एकदम झाल्या. मकरंदनं पुन्हा डोंगराचा बेत काढला. "नवा तंबू बाबांनीच आणायचा. अप्पांनी हातही लावायचा नाही." आणि कावेरीनं वडिलांच्या स्मरणशक्तीसाठी डॉक्टरांची सोमवारची वेळ घेतली. मग मात्र मला राहवेना. रविवारी सकाळी उठलो आणि गोविंदरावांच्या गच्चीवर गेलो.

ते वडाम घालत होते. वडाम म्हणजे उन्हात वाळवलेल्या तांदळाच्या कुरडयाच. गोविंदरावांच्या हातचे वडाम प्रसिद्ध आहेत. दर उन्हाळ्यात मोठा डबा आमच्याकडे येतो आणि त्यातला निम्मा मी एकटा संपवतो.

"गोविंदराव, एक सांगायचंय."

"सांगा. पण सांवली पाडूं नका."

मी सगळं सांगितलं. दुकान, काटा, पिवळी पिशवी, मळै वंदा, मेदूवडा. गोविंदराव शांतपणे सोऱ्या फिरवत राहिले. एक ओळ पूर्ण झाली, दुसरी झाली.

"जाहलें?"

"झालं. वाट्टेल ते बोला मला."

"व्याहीबुवा, वडामाखालीं काय आहे तें पाहा."

पाहिलं. नारिंगी रंगाचं, गुळगुळीत, मोठं थोरलं कापड. चारी कोपऱ्यांना दोऱ्यांचे फास, मधोमध एक दुमडून ठेवलेली चेन.

"हे..."

"तेंच. डोंगराहून आल्यावर पुढल्याच आठवड्यांत मी त्या दुकानीं गेलों. म्हटलें, मी हरविलें तर मी भरून द्यावें. तो म्हणाला, पिवळ्या पिशवीचे सार कव्हर नको म्हणोन गेले, तें येथेंच आहे. एवढें म्हणून तो पुष्कळ वेळ हसत होता."

"म्हणजे तुम्हाला सहा वर्षं माहीत आहे?"

"सहा वर्षें."

"मग बोलला का नाहीत? ती चिठ्ठी, ती किल्ली, ते बदाम..."

गोविंदरावांनी सोऱ्या खाली ठेवला आणि इकडेतिकडे पाहून आवाज उतरवला. "व्याहीबुवा, मी विसराळू जाहलों तैंपासून मला कोणी रेशनच्या रांगेत धाडीत नाहीं. विजेचें बिल नाहीं. लग्नपत्रिका वाटणें नाहीं. या इमारतीचा सेक्रेटरी करीत होते, तेंही टळलें. आयुष्यभर सर्वांचें लक्षांत ठेविलें हो मी! आतां हें सुख आहे. तुम्ही खरें सांगाल, तर उद्यांपासून मला सेक्रेटरी करितील!"

मी मटकन खाली बसलो. (वडाम वाचवून.) सहा वर्षं मी माझा गुन्हा तुपातल्या भाताबरोबर तळून खात होतो, आणि वर दुसरी वाढ मागत होतो!

"आणि उद्याचे डॉक्टर?"

"जातों की. बदाम बंद करा, एवढें लिहून घेतों."

खरंच लिहून आणलं. वयाच्या मानानं स्मरण उत्तम, बदाम पुरेत. कावेरीचा जीव भांड्यात पडला. पण 'वयाच्या मानानं' हे शब्द तिनं नीट वाचले, त्यामुळे रेशनची रांग माझ्याकडेच राहिली. गोविंदरावांनी लांबून डोळा मारला.

"पण माझ्या मनाचं काय?" मी त्यांना विचारलं. "मला कुठंतरी बोलायला हवं."

"मग लिहा," ते म्हणाले. "मराठींत लिहा. आपल्या घरीं कोण वाचतो?"

ते खरंच होतं. मकरंद मराठी वाचतो ते बसच्या पाटीसारखं, एकेक अक्षर, आणि तोवर बस निघून जाते. कावेरी बोलते, पण तिची लिपी तमिळ. इरा तर दोन्हीकडून इंग्रजी. गोविंदरावांना हे सगळं मी मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी फक्त पाढ्यांपुढं 'उलटेसुद्धा' घालायला लावलं.

तर मन हलकं झालं. एक किलो नऊशेपेक्षाही हलकं! सगळी कबुली दिली, स्पष्ट, सविस्तर, जाहीरपणे, घरातल्या कोणालाही वाचता येणार नाही अशा भाषेत. सहा वर्षांत एवढं तरी शिकलो.

या वेळी कव्हर घेतलंय.