शेवटचं उघडल्याची तारीख

परवा कुंदाताईंचे डोळे भरून आलेले पाहिले, आणि माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. वर्षभर त्या आमच्या ग्रंथालयात जुन्या मोडी कागदांची छायाचित्रं संगणकावर उघडून देवनागरीत उतरवत होत्या. परवा त्यांचं काम तपासताना ग्रंथालयाच्या साहेबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "शेवटचं उघडल्याची तारीख तीन वर्षांपूर्वीची आहे, बाई. तुम्ही या फायलींना हातसुद्धा लावलेला नाही; हे उतारे कुठून तरी आयते आणलेत."

संगणकांचं काम माझ्याकडे. मी तडकून म्हणालो, "साहेब, छायाचित्रं बिघडू नयेत म्हणून ती डिस्क मीच फक्त वाचण्यापुरती जोडली आहे. फाईल उघडल्याची तारीख नोंदवायची म्हणजे डिस्कवर लिहिणंच आलं. म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम ती नोंद करतच नाही."

"असं होय," म्हणत साहेबांनी चहा मागवला. माफीचा एक शब्द नाही.

वाचलेलं शेवटी वाचणाऱ्याजवळच राहतं. कुठल्या पत्रात कोणाची सून रुसून माहेरी गेली, हे कुंदाताईंनी तोंडपाठ सांगितलं असतं. पण समोर बसलेल्या बाईंना एक प्रश्न विचारावा, एवढंही साहेबांना सुचलं नाही.