सत्तावन्न माणसांचे रोट

प्रिय ओवी आणि मिहिर,

सॉफ्टवेअर कसं निवडावं, याबद्दल माझं मत फार पक्कं आहे, आणि ते मला पाच दिवस सकाळ-संध्याकाळ चावून खावं लागलेलं आहे.

हे आजच लिहायचं कारण म्हणजे ओवीचा कालचा फोन. “आजी, आम्ही सगळी चुलत भावंडं मिळून घराची एक यादी करतोय, वाढदिवस, पत्ते वगैरे. कुठलं अॅप घेऊ?” असं तिने विचारलं, आणि मागून तुमच्या बाबाचं हसू ऐकू आलं. तो का हसला, हे त्याने सांगायच्या आत मीच सांगते. त्याच्या तोंडून ऐकलंत तर माझी अब्रू जाईल. (माझ्या तोंडूनही जाणारच आहे, पण निदान व्याकरणशुद्ध जाईल.)

आपल्या घरी श्रावणात कानबाई, आपली खानदेशी देवी, बसते, धुळ्याला, माझ्या थोरल्या जाऊबाईंकडे. त्यांना सगळं घर अक्का म्हणतं, आणि त्या अहिराणीच बोलतात. घरातल्या एकेका पुरुषाचं नाव घ्यायचं आणि त्याच्या नावाने सव्वा वाटी गहू काढायचे, ही रीत. वाटी माझ्या सासूबाईंची, पितळी. वाटी कसली, लहानसं पातेलंच ते! त्या गव्हाच्या पिठाचे जाडजूड रोट होतात. ते घरच्यांनीच खायचे, बाहेर कुणाला द्यायचे नाहीत, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे. (ओवी, फक्त पुरुषांचीच नावं का, हे मीही विचारलं होतं. अक्का म्हणाल्या, “रांधणारीले देवी वळखस. या बाप्यासनीच वळख करी देनी पडस!”)

नावं अक्काच घ्यायच्या, तोंडपाठ, थोरल्यापासून तान्ह्यापर्यंत. पण मी सांगतेय त्या श्रावणाच्या आदल्या वर्षी यावलच्या पुतण्याच्या बाळाचं नाव राहून गेलं. बाळाची आई त्या दिवशी जेवलीच नाही. अक्कांनी ते मनाला लावून घेतलं. “आते माले सांगू नका, मनं डोकं गयं,” म्हणाल्या.

इथे मी पुढे सरसावले. कॉलेजच्या लायब्ररीत आयुष्य काढलेली बाई मी. यादी माझ्याकडे यायला नको तर कुणाकडे? चार वेगवेगळ्या सेवा तपासल्या. त्यांचा तक्ता केला, पट्टी लावून. पहिली नाव विचारायच्या आधीच “अभिनंदन!” म्हणाली, कशाबद्दल ते सांगेना. दुसरीला माझं लोकेशन हवं होतं. मी म्हटलं, जळगावात, मेहरूणला, स्वयंपाकघरात आहे, तुला काय करायचंय? तिसरी मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दाखवायची. चौथी मात्र फुकट, देखणी, आणि आकडा आला की रंगीत गोल काढून दाखवणारी. त्या गोलावर मी भाळले!

तिच्यात फॉर्म केला, सगळ्या घरांना लिंक पाठवली: “आपल्या घरातील पुरुषांची नावे भरावीत.” दोन दिवसांत गोल भरला. मी धुळ्याला फोन लावला.

“अक्का, सत्तावन्न!”

“व माय! इतला मानसे कथाईन उनात? मना हिशोबमा तं बावीस शेतस.”

“अक्का,” मी म्हटलं, “मागच्या वर्षी एक राहिलंच होतं ना?”

 मग त्या हळूच म्हणाल्या, “बरं. तू शिकेल शे.” आणि त्या वर्षी नुसत्या आकड्यावर सत्तावन्न वेळा सव्वा वाटी गहू निघाले, दळून आले; नावं मी देवीपुढे वाचायची ठरली.

रविवारी संध्याकाळी कानबाईपुढे सगळे बसले. अक्कांच्या जागेवर, म्हणजे पाटावर, मी! हातात टॅबलेट. अक्का मागे खांबाला टेकून.

“नाना,” मी वाचलं.

“हजर,” नाना म्हणाले. नाना म्हणजे अक्कांचे यजमान.

“आबा.”

नानांची नात म्हणाली, “आबा म्हणजे आमचे आबाच ना? हेच!”

“हजर,” नाना पुन्हा म्हणाले.

“मोठे भाऊ.”

“शालिनी,” नाना म्हणाले, “मी आखो किती डाव हजर व्हऊ?”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक घराने आपली माणसं भरली होती, आणि कुणी राहू नये म्हणून दुसऱ्यांचीही! मुलांनी आबा लिहिलं, पुतण्यांनी नाना, धाकट्यांनी मोठे भाऊ, आणि पाचोऱ्याच्या भाच्याने आधारकार्डावरचं संपूर्ण नाव. तुमचे आजोबा तर पाच निघाले. त्यातला एक कॅनडाहून आलेला “डॅडी” होता, आणि पाचवा मीच नमुना म्हणून भरलेला, पुसायचा राहिलेला.

“मी पाच आहे हे आधी सांगायचंस,” आजोबा म्हणाले. “चहा तरी पाच कप मागितला असता.”

सगळे हसत होते. मी अक्कांकडे बघितलं. त्या पुढे आल्या. मी पाटावरून उठले. त्या बसल्या, डोळे मिटले आणि नावं घेतली: थोरल्यापासून यावलच्या बाळापर्यंत, बावीस. एकही चुकलं नाही. मग डोळे उघडून म्हणाल्या, “पीठ देवीना नावनं शे. आते खावा बठ्ठा!” म्हणजे सत्तावन्नांचं सगळं आता आम्हीच संपवायचं.

बावीसांतले नऊ परदेशात आणि पुण्याला. पौर्णिमेला सहा दिवस. आम्ही दोन डबे भरून जळगावला आणले. सकाळी रोट दुधात, दुपारी तुपाशी, संध्याकाळी गुळाशी. तिसऱ्या दिवशी आजोबा म्हणाले, “उपास सुरू करतो.” मी म्हटलं, “पाचांपैकी कुठला?” शेजारच्या मारवाडी मोहिनीबाई आल्या, रोट बघून म्हणाल्या, “वा, एक द्या ना चाखायला!” आणि घरात रोटांचा डोंगर असताना मला त्यांना नाही म्हणावं लागलं! त्या आठवडाभर माझ्याशी कोरडं बोलल्या. मी तर रोटासारखंच कोरडं बोलत होते.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी शेवटचा तुकडा संपला. धुळ्याला फोन केला. “संपले,” मी म्हटलं. “मनाबी,” अक्का म्हणाल्या. “पन पोट आखो सत्तावन्नमाच शे!” आणि इतक्या मोकळ्या हसल्या, की वर्षभराने त्यांचं हसू ऐकतेय असं मला वाटलं.

तेव्हा ओवी, अॅप हवं ते घे, फक्त त्यातून आपली माणसं परत बाहेर कशी काढायची ते आधी बघ. माझ्या त्या देखण्या सेवेने पुढच्याच वर्षी पत्र पाठवलं: सेवा बंद होत आहे, आपली माहिती पुसली जाईल. त्यात आजोबा पाचही गेले. अक्का चालू आहेत. दर श्रावणात त्या नावं घेतात आणि मी वाटी धरते. तीही भरली की नाही, ते त्या वाकून बघून घेतात.