पूजेतला पट्टा

भीमराव ओव्हाळ दिवसभर वर बघून ओरडायचे, म्हणून साइटवर लोक त्यांना भोंगा म्हणत. म्हणोत बापडे! वाघोलीत शेतं जाऊन आयटीवाल्यांसाठी उंचच उंच इमारती उठत होत्या, आणि त्यातल्या एकीवरून माणसं पडू नयेत एवढं बघणं ही भीमरावांची नोकरी. सोपी वाटते ना? करून बघा.

त्या वर्षी खंडेनवमीला ते आले, तर सुरक्षेचे सगळे पट्टे गायब. सापडले सिमेंटच्या गोदामात. थाप्या, ओळंबे, घमेली यांच्या रांगेत नीट मांडलेले, हळदकुंकू वाहून, झेंडूच्या माळा घालून. आणि माणसं? ती वर परांचीवर, मोकळ्या कमरेनं प्लास्टर करत होती! फ्लॅटचा ताबा द्यायची घाई, म्हणून मालकानं सुट्टी फक्त दसऱ्याचीच दिली होती.

"थाप्याही पूजेत आहेत, मग काम कशानं चाललंय?" भीमरावांनी मुकादम सोनबाला विचारलं.

"थाप्या दुसऱ्या काढल्या की."

"आणि पट्टे?"

"पट्टे तेवढेच हायत. पूजेतलं हत्यार उद्यापातूर हलवायचं नसतं, साहेब."

भीमरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर पट्टा बांधा म्हणून यांच्या विनवण्या करा. तेव्हा तो यांना काचतो. आणि आज त्याचीच पूजा! ते तडक इंजिनिअर शौनककडे गेले. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "काका, आजचा दिवस ॲडजस्ट करा ना. रिलिजस मॅटर आहे."

भीमराव बौद्ध. पूजाअर्चेत ते पडत नसत, तसे कुणाच्या श्रद्धेच्या वाटेलाही जात नसत. आज गेले. त्यांनी पट्टे उचलले तसा सोनबा पुटपुटला, "तुमाला काय, तुमी मानतच न्हाई." शब्द लागला. पण वर सहाव्या मजल्यावर कोंडीराम परांचीच्या पार टोकाला उभा राहून हात लांबवत होता, दोन लेकरांचा बाप. भीमराव धापा टाकत जिने चढले, शिव्या घालतच त्याच्या कमरेला पट्टा आवळला आणि आकडा वरच्या दोराला अडकवला.

दुपारी कोंडीरामच्या पायाखालची फळी सटकली. तो खाली आला नाही, पट्ट्याला लोंबकळला. ओढून आत घेतला तेव्हा त्यानं पट्टा दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. भीमराव त्याच्याशेजारीच फतकल मारून बसले आणि चक्क रडले. चला, सुटलो एकदाचे, त्यांना वाटलं. आता यांना काही सांगायला नको.

दसरा झाला. कोंडीराम कामावर आला तो मोकळ्या कमरेनं.

"पट्टा कुठाय रे?"

"देव्हाऱ्यात ठिवलाय, साहेब." कोंडीरामनं हात जोडले. "जीव वाचवला त्यानं. त्याला आता रोज सिमेंटात मळवायचा व्हय?"

"अरे बाबा, तो कमरेला होता म्हणून वाचलास!"

"व्हय की. म्हणूनच तर," कोंडीराम म्हणाला आणि परांचीवर पाय ठेवला.