भावी लेखनिक

अक्कलकोटची लेक आणि जुळे सोलापूरची सून असलेल्या भुवनेश्वरीला सगळे भुवनाक्का म्हणतात. नवऱ्याच्या भुसार दुकानात तिची उमेदीची वर्षं गेली. माल कितीबी चांगला असू दे, हाक मारल्याशिवाय गिऱ्हाईक पायरी चढत नाही, हे ती तिथंच शिकली. पुढं दुकान दिराकडं गेलं आणि अक्का अंध विद्यार्थ्यांच्या एका छोट्या संस्थेत जाऊ लागली. संस्थेचं फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सअ‍ॅप तिच्या हातात आलं. हातात म्हणजे, अध्यक्ष वीरभद्रप्पा अण्णा सोडतील तेवढंच.

अशात संस्थेतल्या अंकिताची बारावी आली. तिला जन्मापासून दिसत नाही, पण धडेच्या धडे तोंडपाठ. परीक्षेत तिनं सांगायचं आणि शेजारी बसून लेखनिकानं लिहायचं. तो खालच्या वर्गातला हवा. ठरलेली मुलगी वडलांच्या बदलीपायी माळशिरसला गेली. आठवडाभरात बोर्डाला नवं नाव कळवलं नाही तर अंकिताचं वर्ष बुडणार होतं.

वीरभद्रप्पांनी पोस्ट टाकली ती चौकातल्या फ्लेक्ससारखी. मधोमध गॉगल लावलेले अण्णा, भोवती गोल चौकटीत विश्वस्त, आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात 'लेखनिक पाहिजे'. संध्याकाळपर्यंत शुभेच्छांचा पाऊस. "अण्णांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!" एकानं तर भावपूर्ण श्रद्धांजली वाहिली.

"बघा अण्णा, लोकांनी एका दिवसात तुमाला जन्माला घातलं अन् पोचवलंबी," अक्का म्हणाली.

"लोक खालचं वाचत न्हाईत, त्याला मी काय करू?"

"फोटो तर बघतात की! मग आपला कशाला, त्यांचाच लावू."

अक्कानं अंकिताचा आवाज टिपला. "अकरावीच्या पोरापोरींनो, मी एक उतारा सांगते. एकदाच ऐका, लिहा आणि कागदाचा फोटो पाठवा, सोबत तुमचाबी." खाली अक्कानं लिहिलं: जो पाठवील त्याचा फोटो, नाव, पेठ घालून मोठ्या अक्षरात फ्लेक्स, 'भावी लेखनिक'!

अण्णा कुरकुरले, "भावी तर आमदार असतंय गं."

"आमदार एकच होतो. लेखनिक लई लागतात."

दुसऱ्या दिवशी बापांनी लेकरांचे फ्लेक्स स्टेटसला लावले, मामा-मावश्यांनी घरच्या ग्रुपांवर फिरवले. कागदांची रीघ लागली. चार पोरांच्या बापांनीही उतारा लिहून धाडला. त्यांना हौस, दुसरं काय!

अण्णांनी एक कागद उचलला. "ही घे, मोत्यासारखं अक्षर!"

"थांबा अण्णा," अंकिता म्हणाली. "सगळ्यांनी काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

अक्का वाचत गेली. बऱ्याच जणांनी सुटलेल्या जागी आपल्या मनाचं काहीबाही घातलं होतं. विडी घरकुल वस्तीतल्या वैजयंतीच्या कागदावर मात्र मधेच कोरी जागा होती. सोबत तिचा आवाज: "ताई, तुमी लई जोरात गेलात. तिथं मी मागं पडले. जागा सोडलीय, माझं कायबी घातलं न्हाय."

"हीच," अंकिता म्हणाली. "पेपरात उत्तर माझं पाहिजे, लिहिणारीचं न्हाय."

बाकीच्यांची नावं अक्कानं इतर विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवली आणि वैजयंतीच्या आईला फोन लावला. "तुमची लेक आमच्या अंकिताचा पेपर लिहील का?"

"लिहील की. पण कधी पाठवू तिला?"

अंकितानं फोनकडं तोंड नेलं. "काकू, उद्याच पाठवा. मला हळू बोलायची सवय करायचीय."